तेक्लाबाई हजर

वाइतोबीला जायचं म्हणजे आधी मोठी बोट, मग लहान बोट, आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून डोक्यावर पुस्तकांचं खोकं घेऊन चालत. आबुक ब्रियाला त्याचं काही वाटत नसे. बारा वर्षं ती हेच करत आली होती. कुपांग शहरातल्या इंग्रजी शिक्षकांच्या मंडळातली माणसं आडबाजूच्या बेटांवर जायची, तिथल्या मास्तरांना आणि बायांना इंग्रजी कसं शिकवायचं ते दाखवायची, पोरांना बोलतं करायची. त्यांच्याबरोबर आबुक जायची. खोकी उचलायची, चूल मांडायची, भिंतीवर मंडळाचा फलक ताणून बांधायची, शेवटी सगळ्यांना उभं करून फोटो काढायची. आणि मुख्य काम म्हणजे हजेरीपत्रकावर सह्या घ्यायच्या.

ती स्वतः सहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हजेरीपत्रक हातात असलं की भल्याभल्या साहेबांना दम भरायची. "आधी सही, मग जेवण," असं म्हणायची. "तुम्ही काय शिकलात ते देवाला ठाऊक. मंडळाला कागद लागतो."

ह्या खेपेला तिच्याबरोबर ओर्पा होती. सव्वीस वर्षांची पोरगी, मंडळात येऊन सहा महिने झालेले. शिकवायला हुशार, पण बोटीत बसली की आजारी.

"मावशी, अजून किती?"

"ते डोंगराचं बोडकं टोक दिसतंय ना, त्याच्या पलीकडं. आणि आता तुझ्या पोटात ओकायला राहिलंय काय? गप पडून रहा."

नावाडी हसला. सप्टेंबरचे दिवस होते, तिकडचा पावसाळा मार्चलाच संपलेला. डोंगर वाळून तांबूस झाले होते, ताडाची झाडं काळी उभी होती, समुद्र तव्यासारखा तापून चमकत होता. वारा नव्हता. खाडीत शिरल्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आला आणि मग सगळ्यात वर, उतारावर, पत्र्याची लांबोडकी शाळा दिसली.

हेडसर खाली किनाऱ्यावर आले होते. बोनीसर म्हणत त्यांना. पन्नाशीचे, खाकी गणवेशाची इस्त्री मोडू न देणारे. पानसुपारीची टोपली पुढं करत म्हणाले, "आसपासच्या तिन्ही शाळांचे मिळून पंधरा शिक्षक आहेत, बाई. शंभर टक्के हजेरी. आमच्याकडं कोणी दांडी मारत नाही."

आबुकला बरं वाटलं. असा माणूस तिला आवडायचा.

वर्ग सुरू झाला तसा तिनं मागच्या छपरात चूल पेटवली. मका आणि घेवड्याची दाट बोसे शिजत घातली, चिंचेच्या पाण्यात मासे सोडले. मदतीला नोगोबाई आली. ही तिथली गणिताची बाई, तिशीची, हाडकुळी. ताटं पुसता पुसता म्हणाली, "चौदा पुरेत, मावशी."

"कागदावर पंधरा आहेत."

"चौदाच जेवतात."

"का? एकाचा उपास आहे? असला तरी ताट मांडायचं. मला उगाच हिशेब शिकवू नकोस, गणिताची असलीस म्हणून काय झालं?"

नोगोनं पंधरावं ताट मांडलं. मांडून त्यावर झाकण घातलं, ते आबुकनं पाहिलं आणि सोडून दिलं.

दुपारी अडीचला वर्ग सुटला. ओर्पा घामानं निथळत छपरात आली, पण चेहरा उजळलेला.

"मावशी, एवढ्या लांब आल्याचं सार्थक झालं! एक बाई आहे इथं, मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तरी शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलेली, तेक्लाबाई. काय स्वच्छ बोलते! मी कुपांगमध्येसुद्धा असे उच्चार ऐकले नाहीत. आपण होऊन बोलत नाही, विचारलं की तेवढंच."

"शेवटच्या बाकावर?"

"हो. केस ओले होते, न्हाऊन तशीच आली असणार. मी विचारलं, किती वर्षं शिकवता? तर हसली आणि म्हणाली, सुट्टीच मिळत नाही हो."

आबुकनं चुलीकडं पाहिलं. पंधरावं ताट झाकून ठेवलं होतं तसंच होतं. आत वाढायला ती स्वतः गेली होती. शेवटच्या बाकावर ओर्पाची पिशवी होती. दुसरं कोणी नव्हतं.

तिनं हजेरीपत्रक काढलं. पंधरा रकाने, पंधरा सह्या. बाराव्या नावापुढं, तेक्लाच्या, सही होती. वळणदार, सावकाश केलेली. तेवढ्यापुरता कागद फुगून सुरकुतला होता, पाण्याचा थेंब पडून वाळावा तसा. आबुक स्वयंपाकीण. तिनं बोट फिरवलं आणि सवयीनं जिभेला लावलं.

मीठ.

नोगो विहिरीवर भांडी घासत होती. आबुक जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. "तेक्ला कोण?"

नोगोच्या हातातली डाव विहिरीच्या कठड्यावर पडली.

"ओरडू नका मावशी... हेडसर ऐकतील."

"ऐकू देत. मी तुला विचारतेय, कोण आहे तेक्ला?"

"इंग्रजी शिकवायची. ह्याच गावची. जानेवारीत... बुडाली."

भर उन्हात आबुकच्या पाठीवर काटा आला. पण घाबरून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. घाबरली की तिला राग यायचा. "मेलेल्या बाईची सही माझ्या कागदावर कोणी केली? तू?"

"नाही, देवाशपथ नाही! आज नाही केली..." नोगो रडायला लागली. "मी एकदाच केली होती. त्याच दिवशी. तुमच्यासमोर."

"माझ्यासमोर?"

"तुम्हाला आठवत नाही? जानेवारीत तुमच्या मंडळाचंच प्रशिक्षण होतं, पलीकडं, जिल्ह्याच्या गावी. हेडसरांनी सगळ्यांना निरोप धाडला होता, वारा असो नाहीतर पाऊस, एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. मी पहाटेच्या बोटीनं आले. तेक्ला मागच्या बोटीत होती. तुम्ही कागद घेऊन आलात. मी म्हटलं, तिची बोट मागं आहे, येईलच, तिची सही मी करू का? तुम्ही म्हणालात..."

आबुकला आठवलं. चेहरा नव्हता आठवत, पण शब्द आठवले. असं ती शंभर वेळा म्हणाली असेल, शंभर गावांत. *कर गं कर. रकाना रिकामा दिसायला नको.*

"मग?"

"तिची बोट सकाळी आठलाच उलटली होती. इथं लाकडं वाहून आली तेव्हा तिची आई हेडसरांकडं धावली. हेडसरांनी फोन लावला. तिकडून सांगितलं, सगळे पोचलेत, पंधराच्या पंधरा, सह्या आहेत. म्हणून कोणी शोधायला गेलंच नाही, मावशी. म्हातारी निवांत घरी गेली, चहा करून प्याली. दुसऱ्या दिवशी नावाडी पोहत काठाला लागला. त्यानं सांगितलं, बाई दुपारपर्यंत फळीला धरून होती. हाका मारत होती."

दुपारपर्यंत! आबुक तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसली. त्या दुपारी आपण काय करत होतो? भात वाढत होतो. फोटो काढत होतो. सगळ्यांना हसा म्हणत होतो. आणि कागदाला कागद जोडून, बघा, एक रकाना रिकामा नाही, असं साहेबाला मिरवून दाखवत होतो. तिला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं.

"आणि आता? आठ महिने झाले, अजून नाव का आहे कागदावर?"

"ते हेडसरांना विचारा," नोगो म्हणाली. "नाहीतर तिच्या आईला."

तेक्लाची आई उताराच्या खाली, चिंचेखाली राहत होती. बारेक तिचं नाव. दारात चटईवर बसली होती. केस पांढरे आणि जटा झालेले, त्यांत काड्या अडकलेल्या. मांडीवर एक शंख होता. पातळ, पांढरा, तपकिरी पट्ट्यांचा, वाऱ्यानं उडेल इतका हलका.

आबुकनं आडपडदा ठेवला नाही. "म्हातारे, तुझ्या लेकीची सही मी करू दिली होती. कुपांगची आबुक मी."

बारेकनं तिच्याकडं पाहिलं. वर चिंचेत एक पक्षी तेच तेच ओरडत होता. मग म्हातारीनं चटईवर जागा केली.

"बस. आठ महिने झाले, कोणीतरी येऊन मी केलं म्हणेल म्हणून वाट बघत होते. बाकी सगळे म्हणतात, झालं."

मग तिनं सांगितलं. वाइतोबीत समुद्रानं माणूस नेलं आणि अंग मिळालं नाही, तर शंख पुरतात. आई किंवा बायको शंख हातावर घेऊन किनाऱ्यावर उभी राहते. ज्यानं त्या माणसाला पाण्यावर धाडलं, त्यानंच तीन हाका मारायच्या, दुसऱ्यानं मारून चालत नाही. गेलेला जीव हाक ऐकून येतो, शंखात शिरतो, आणि शंख जड होतो. मग खड्ड्यात ठेवून माती लोटायची, क्रूस रोवायचा. तोवर आईनं केस विंचरायचे नाहीत.

"बोनी येत नाही," म्हातारी म्हणाली. "मी त्याच्या दारात जाऊन बसले. म्हणाला, हाक मारली की सगळं गाव किनाऱ्यावर जमणार, गाव जमलं की वरच्या ऑफिसात कळणार. थांब म्हणाला, परीक्षा होऊ दे. मग म्हणाला, नाताळ होऊ दे." ती हसली, दात नसलेलं, कोरडं. "मला एवढंच पाहिजे, बाई. पोरगी मातीत जाऊ दे. रोज सकाळी सात वाजता तो तिथं वर तिचं नाव घेतो, आणि पोरगी किनाऱ्याला यायची सोडून शाळेला जाते. मी बघते ना इथून. पायवाटेवर ओली पावलं असतात. रोज."

आबुकनं पायवाटेकडं पाहिलं नाही.

त्या रात्री ती आणि ओर्पा शाळेशेजारच्या खोलीत झोपल्या, म्हणजे आडव्या झाल्या. ओर्पाला तिनं सगळं सांगितलं. पोरगी आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "पण मावशी, मी तिच्या वहीला हात लावला होता."

"मग?"

"गार होती..."

सकाळी सातला शिक्षकांच्या खोलीत हजेरी सुरू झाली. वाइतोबीच्या शाळेत ही जुनी पद्धत होती. बोनीसर उभे राहून नावं घ्यायचे, शिक्षक हजर म्हणायचे, सर खूण करायचे, मग वही सह्यांसाठी फिरायची. आबुक दारात जाऊन उभी राहिली, हात कमरेवर. ओर्पा तिच्या मागं. बोनीसरांनी वहीतून मान वर केली नाही. ते कधीच करत नसत. मान वर केली तर खोटं कोण बोलतंय ते दिसलं असतं.

"रोफिनस."

"हजर."

"नोगो."

"हजर."

"तेक्ला."

आबुकचे डोळे नोगोच्या ओठांवर होते. नोगोचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"हजर."

बाईचा आवाज. शांत, शिकवायची सवय असलेला. खोलीतून आला, एवढंच सांगता येत होतं. बोनीसरांनी खूण केली आणि पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"थांबा!" आबुक आत आली. "आत्ता कोण बोललं?"

"बाई, हजेरी चालू आहे."

"चुलीत गेली तुमची हजेरी. कोण बोललं तेवढं सांगा."

"नोगो बोलते तिच्या वतीनं," बोनीसर ओशाळून म्हणाले. "आता तुम्हाला कळलंच आहे तर..."

"मी?" नोगो म्हणाली. "मी नाही सर. मी फक्त फेब्रुवारीत बोलले. मग मला झोप येईना, म्हणून सोडलं. मला वाटलं ते रोफिनस सरांनी घेतलंय."

रोफिनस मास्तर उठून उभे राहिले. दणकट माणूस, पण आवाज पोराचा झाला होता. "मी? मी एकदाही नाही. मला वाटायचं तूच आवाज बदलून..."

"मग सह्या?" ओर्पानं विचारलं. "रोजच्या सह्या कोण करतं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. खोलीतले बाकीचे दोघे शिक्षक भिंतीला टेकले होते. मार्च, एप्रिल, मे... प्रत्येकाला वाटत होतं दुसरा करतोय. मेलेल्या माणसासाठी खोटं बोलायचं काम त्यांनी एकमेकांवर ढकललं होतं, आणि ते कोणीच करत नव्हतं. बोनीसरांनी वहीची पानं मागं उलटली. एकेक पान सुटं होताना कुरकुरत होतं, मीठ धरलेल्या कापडासारखं. त्यांचा हात थांबला.

"मला वाटलं... छप्पर गळतं म्हणून."

"पावसाळा संपून किती महिने झाले, सर?" आबुकनं विचारलं.

त्या पत्र्याच्या खोलीत खारट, शेवाळी वास भरला होता. आत्ता आला की रोजच असायचा, कोणालाच सांगता आलं नसतं.

आता दुसरं कोणी असतं तर पळालं असतं. आबुकला मात्र असा संताप आला की भीती बाजूला पडली. "जिवंतपणी तिला वादळात धाडलंत, रकाना भरायला. मेल्यावर तरी सोडायची! तिची आई आठ महिने जटा वाढवून बसलीय, आणि तुम्ही इथं मेलेल्या पोरीला रोज सकाळी कामाला जुंपता? बैलालासुद्धा मेल्यावर सोडतात हो!"

"माझ्यासाठी केलं का मी?" बोनीसर पहिल्यांदाच ओरडले. "इंग्रजीची बाई नाही असं कागदावर गेलं की वरचे वर्ग बंद. एकतीस पोरं आहेत माझी. ती रोज त्याच पाण्यातून पलीकडं शाळेला जाणार! एक गेली ती पुरे नाही का? चार वर्षं मागत होतो तेव्हा ही एक मिळाली, तीही गावचीच म्हणून. ह्या टोकाला दुसरं कोण येतंय? तुम्ही येता? दोन दिवस येता, फलक लावता, फोटो काढता, जाता!"

ते खरं होतं. ते तिला लागलं आणि त्यामुळं ती जास्तच चिडली. "मग असं लिहा! लिहा की बाई आमच्या हुकमानं मेली, दुसरी द्या. मी नेते कागद. वरच्या साहेबाच्या टेबलावर आपटते. नाही दुसरी बाई दिली तर मी आबुक ब्रिया नाही. पण आधी खाली चला. तुम्ही धाडलंत तिला, तुम्ही हाक मारायची. आणि पोचली म्हणून मी लिहू दिलं, म्हणून मीपण मारणार."

"आणि मी नाही आलो तर?"

"नका येऊ. उद्या सातला पुन्हा तिचं नाव घ्या. ह्या खेपेला मान वर करून घ्या."

बोनीसर खाली बसले. मग ओर्पानं त्यांच्या पुढ्यातली वही ओढून घेतली, तेक्लाच्या नावावर रेघ मारली आणि नोगोला विचारून पुढं मृत्यूची तारीख लिहिली. अक्षर स्पष्ट होतं. बोनीसरांनी अडवलं नाही. खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "पोरांना सोडा. शाळा बंद करा. सगळेच जाऊ."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर होतं. एकतीसच्या एकतीस पोरं नोगोनं रांगेत उभी केली होती. बाकीच्या दोन शाळांचे शिक्षक, कोळी, बाया. शाळेला कुलूप होतं. भरती नव्हती, ओहोटी नव्हती, पाणी नुसतं उभं होतं. चिंचेजवळ हातभर खड्डा खणला होता. बारेक पुढं उभी होती, दोन्ही हात ओंजळीसारखे धरून. ओंजळीत शंख.

बोनीसर पाण्यात घोट्यापर्यंत गेले. इस्त्रीची खाकी विजार भिजली. त्यांनी हाक मारली.

"तेक्ला... मी धाडलं तुला. घरी ये."

पाणी हललं नाही. दुसरी हाक मारली. तिसरी मारली. सगळ्यांनी म्हातारीच्या हातांकडं पाहिलं. तिनं मान हलवली. शंख हलकाच होता.

मग आबुक पाण्यात शिरली. पाणी ऊन असायला हवं होतं त्या वेळी, पण पायांना गार लागत होतं, विहिरीसारखं.

"तेक्ला, मला तुझं तोंडही ठाऊक नाही गं. तू फळीला धरून हाका मारत होतीस, तेव्हा मी तुला हजर लिहून जेवायला बसले होते. मला शिव्या घाल, काय करायचं ते कर, पण ये. आई थांबलीय..."

एकदा. दोनदा. तीनदा.

तेव्हा आवाज आला. समुद्राकडून नाही. मागून, वरून.

शाळेतून.

एक बाई काहीतरी म्हणत होती, सावकाश, तोडून तोडून. आणि तिच्यामागून पुष्कळ आवाज तेच म्हणत होते. इंग्रजी. आबुकला शब्द कळत नव्हते, पण धडा म्हणतानाची लय कळत होती, सगळ्या शाळांत एकच असते ती. नोगोनं गर्रकन वळून आपल्या पोरांकडं पाहिलं. एकतीस तोंडं मिटलेली होती. एक लहान मुलगी मुतली होती.

"मावशी..." ओर्पा कुजबुजली. "ते पोरांचे आवाज नाहीत."

नव्हतेच. जड, घोगरे आवाज होते. बापयांचे, म्हाताऱ्यांचे. उतारवयात पहिल्यांदा पाटी हातात धरणाऱ्या माणसांसारखे चाचपडणारे. आणि किती तरी. त्या खोलीत मावणार नाहीत इतके.

बोनीसर पाण्यातच खाली बसले. बारेकनं मात्र मान कलती केली आणि ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीतरी ओळखू येत होतं तिला.

"तो अडखळतोय ना, सगळ्यांच्या मागून म्हणतोय..." ती म्हणाली. "तो लुईस आहे. माझा नवरा. तेक्ला पोटात होती तेव्हा गेला, ह्याच पाण्यात. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यानं जन्मात."

"म्हातारे, बघू नकोस तिकडं."

"मला वाटत होतं ह्या बोनीनं तिला डांबून ठेवलंय." म्हातारी हळूच हसली. "तशी नाहीये गोष्ट. तिचा तास चालू आहे, आबुक. ह्या बुडालेल्यांना दुसरं कोण शिकवणार? ती नाही यायची. उगाच पाण्यात उभी राहू नकोस."

आणि तिनं शंख एका हातानं सहज आबुकपुढं केला. "धर. मला जरा खाली बसू दे. पाय गेले माझे."

आबुकनं हात पुढं केले आणि शंख घेतला.

हात एकदम खाली गेले. भरलेली घागर अवचित कोणी हातात द्यावी तसे. ती कमरेत वाकली, दुसरा पाय पुढं टाकून कशीबशी सावरली. कागदासारखा पातळ तो शंख, आणि त्यात माणसाचं वजन होतं. थंड. पाझरणारं. तिच्या कोपरांवरून पाणी ठिबकायला लागलं.

वर शाळेत बाईचा आवाज चालूच होता. एक शब्द पुढं, सगळे मागून.

म्हातारीनं ते पाणी पाहिलं. मग आबुकच्या तोंडाकडं पाहिलं. आणि पहिल्यांदाच ती घाबरली.

"खड्ड्यात ठेवू नकोस," ती म्हणाली. "तेक्ला तर वर आहे. आधी नाव विचार त्याला."

आबुकनं तोंड उघडलं. बारा वर्षांत तिनं किती माणसांना नाव विचारलं असेल त्याची गणती नव्हती. पण त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटेना. सगळं गाव चार पावलं मागं सरकलं होतं. ऊन तसंच होतं, पाणी तसंच उभं होतं. आणि तिच्या हातांवर, त्या शंखात, जे कोणी तिच्या हाकेला आलं होतं, त्यानं झोपेत वळावं तशी हळूच कूस बदलली.